जपानमध्ये करी-राइसच्या साध्या हॉटेलात शाकाहारी माणसाने काय मागवावं?

तुम्ही लिहिलंय की ट्रेनिंगसाठी नागोयाला जाताय, अंडं चालतं पण मांस नाही, आणि कोणीतरी सांगितलंय, "तिथे करी मिळते, काळजी नको." थोडी काळजी असू द्या.

मी नागोयात दोन वर्षं काढली. पहिल्याच आठवड्यात एका हॉटेलात 'यासाई करी', म्हणजे भाज्यांची करी, मिटक्या मारत खाल्ली. दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या जपानी बाईंनी सहज सांगितलं, रस्सा डुकराच्या मांसाचाच असतो, भाज्या वरून घालतात. मला मांस चालतं म्हणून निभावलं. तुम्ही मात्र हे पक्कं लक्षात ठेवा: ताटात मांसाचा तुकडा दिसत नाही याचा अर्थ रस्सा शाकाहारी आहे असा होत नाही. "निकु नाशि" (मांस नको) म्हटलंत तर तुकडे बाजूला काढतील, रस्सा तोच राहील.

तुमच्यासाठी सोपी जागा म्हणजे कोको इचिबान्या. ही करी-राइसच्या हॉटेलांची साखळी 1978 साली नागोयाच्या परिसरातच सुरू झाली, त्यामुळे तिथे गल्लोगल्ली सापडेल. (2020 मध्ये त्यांनी गुरुग्राममध्येही दुकान उघडलं.) तिथे आधी रस्सा निवडायचा. नेहमीचा डुकराचा असतो, पण प्राणिज पदार्थ न घातलेला 'बेजि करी' नावाचा वेगळा रस्साही बहुतेक ठिकाणी मिळतो. तोच मागा. मग भात किती ते ग्रॅममध्ये सांगायचं, मग तिखटपणा, मग टॉपिंग. टॉपिंगमध्ये पालक, वांगं, चीज घ्या. कोरोक्के दिसायला आपल्या बटाट्याच्या पॅटिससारखं असतं, पण आत बऱ्याचदा खिमा असतो, तेव्हा विचारल्याशिवाय नको. शिवाय स्वयंपाकघर एकच, त्यामुळे कढई-पळीचा विटाळ मानणाऱ्यांनी तिकडे न गेलेलंच बरं.

तिखटाचं म्हणाल तर 'फुत्सुउ' म्हणजे साधं, आणि त्यावर एकपासून चढत जाणाऱ्या पायऱ्या. सहा किंवा त्याहून वर जायचं तर आधी पाच नंबर खाल्लेला असावा असा त्यांचा नियम आहे. आमचा एक सांगलीकर सहकारी हे वाचून खो-खो हसला आणि थेट पाच मागवून बसला. घाम फुटला, पण तक्रार वेगळीच होती: "तिखट आहे रे, पण झणझणीत नाही." बरोबर बोलला. फोडणी नाही, खोबरं-कांद्याचं वाटण नाही. तिखटाची पूड वाढवत नेतात, बाकी चव तीच. माझं मत विचाराल तर दोन किंवा तीनवर थांबा.

कारण ही करी मुळात आपली नव्हेच. मेइजी काळात (1868 ते 1912) ती इंग्रजांमार्फत जपानला पोचली, करी पावडर आणि मैद्याने दाट केलेला रस्सा अशा रूपात. म्हणून ती दिसते काळ्या वाटाण्याच्या उसळीसारखी, दाटपणाला पिठल्याच्या जवळ आणि चवीला गोडसर. आमटीची अपेक्षा ठेवून पहिला घास घेतलात तर तोंड वाकडं होईल. मला तिसऱ्या खेपेला आवडायला लागली, आणि नंतर थंडीच्या दिवसांत तर दर शुक्रवारी ठरलेली. (तिथल्या नौदलातही शुक्रवारी करीच असते, हे मला फार उशिरा कळलं.)

भारतीय वळणाची करी हवी असेल तर तोक्योत शिंजुकूला नाकामुराया आहे. क्रांतिकारक रासबिहारी बोस जपानला पळून गेल्यावर या दुकानाच्या मालकांनी त्यांना आसरा दिला, पुढे ते त्यांचे जावई झाले, आणि 1927 साली तिथे त्यांच्या पद्धतीची करी सुरू झाली. पण ती कोंबडीची, म्हणजे तुम्ही फक्त गोष्ट ऐका.

खायचं चमच्याने, चॉपस्टिक्स लागत नाहीत. आपण वरणभात कालवतो तसं सगळं एकदम कालवू नका. भात आणि रस्सा जिथे भेटतात तिथून चमचा भरत जायचं. टेबलावर फुकुजिन्झुके नावाचं गोडसर लोणचं ठेवलेलं असतं, मुळा, काकडी, कमळकाकडी वगैरेचं. हवं तेवढं घ्या, पैसे पडत नाहीत. पाणीही फुकट. एकट्याने जायचा संकोच नको, काउंटरवर निम्मे लोक एकटेच बसलेले असतात. जेवण झालं की टेबलावरची चिठ्ठी उचलून गल्ल्यावर पैसे द्यायचे. टीप ठेवलीत तर ती परत द्यायला मागे धावत येतील.

दुसऱ्या कुठल्या दुकानात गेलात तर हे वाक्य पाठ असू द्या: "बुतानिकु, ग्युउनिकु, तोरिनिकु, ताबेमासेन." डुक्कर, गोमांस, कोंबडी खात नाही. यावर समोरचा माणूस मान वाकडी करून "स्स्स..." करत विचारात पडला, तर आभार मानून बाहेर पडा.