पाण्याचं बिल दुप्पट आलंय. नळ, पाइप, भिंतीची ओल सगळं तपासलं, गळती कुठेच दिसत नाही. प्लंबर म्हणतो फरशी फोडून जीआयची (जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपांची) सगळी लाइन काढा आणि सीपीव्हीसी (प्लास्टिकचे पाइप) टाका. टाकावी का?

आज तरी नाही. फरशी पुन्हा बसवता येते, पण गळती तिच्याखाली नव्हतीच हे फोडल्यावर कळण्यात काय अर्थ आहे?

आधी मीटर बघा. वरची टाकी पूर्ण भरू द्या, मग टाकीत येणाऱ्या पाइपवरचा व्हॉल्व्ह बंद करा. मीटरवरून थेट येणारा एखादा नळ असेल तर तोही बंद ठेवा. आता रीडिंग अगदी लाल आकड्यांसकट लिहून घ्या आणि दोन तासांनी परत बघा. आकडा सरकला तर गळती मीटर आणि टाकी यांच्यामध्ये आहे, म्हणजे तुमचा प्लंबर बरोबर असू शकतो. नाही सरकला तर टाकीच्या पुढे शोधायचं. त्यासाठी रात्री टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर खूण करा, टाकीत येणारा व्हॉल्व्ह बंदच ठेवा आणि पहाटे कोणी नळ उघडायच्या आत पातळी मोजा. टाकीचा तळ एक चौरस मीटर असेल तर पातळी एक सेंटिमीटर उतरणं म्हणजे दहा लिटर गेले.

प्रश्नात तुम्ही नळ तपासले, पाइप तपासले, भिंतीची ओल बघितली. फ्लशच्या टाकीचा शब्दही नाही, आणि माझं डोकं तिथेच फिरतं. नळ गळला की टपटप ऐकू येते, खाली डाग पडतो. फ्लशची टाकी गळते तेव्हा पाणी कमोडच्या मागच्या बाजूने पातळ पापुद्र्यासारखं उतरतं आणि थेट ड्रेनेजला जातं. ओल नाही, आवाज नाही. मिनिटाला 100 मिली, म्हणजे दोन मिनिटांत पेलाभर पाणी जात असेल, तर दिवसाला 144 लिटर होतात. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला साधारण वीस लिटर घालवतो, आणि त्याच्यामागे मात्र अख्खं घर लागतं.

तपासणी अशी. फ्लशच्या टाकीच्या पाण्यात खाण्याच्या रंगाचे दहा-बारा थेंब टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. कमोडमध्ये रंग उतरला म्हणजे टाकीतून पाणी झिरपतंय. कुठून, ते कळायला आतल्या भिंतीवर पाण्याच्या पातळीला पेन्सिलीची रेघ मारा, अँगल कॉक (फ्लशच्या टाकीला पाणी देणारा भिंतीवरचा छोटा कॉक) बंद करा आणि पुन्हा अर्धा तास थांबा. पातळी रेघेखाली गेली तर तळाचं सील गेलंय. पातळी तिथेच राहिली आणि कॉक उघडल्यावर पाणी ओव्हरफ्लो नळीच्या (जादा पाणी कमोडमध्ये सोडणाऱ्या उभ्या नळीच्या) तोंडातून आत सांडताना दिसलं, तर दोष भरणाऱ्या व्हॉल्व्हचा आहे.

एक गोष्ट हमखास सुटते. दोन बटणांच्या टाकीत झाकणाखालच्या काड्या वाजवीपेक्षा लांब ठेवल्या असतील, तर झाकण लावलं की व्हॉल्व्ह किंचित दाबलेला राहतो. झाकण काढून हीच तपासणी केली आणि गळती थांबली, तर काही विकत आणायची गरज नाही. काड्या दोन-तीन आटे आत फिरवा. साखळीवाल्या टाकीत साखळीला सेंटिमीटरभर ढील हवी. कमी असेल तर फ्लॅप, म्हणजे तळाचं रबरी झाकण, पूर्ण बसत नाही, जास्त असेल तर साखळीच त्याच्याखाली अडकते.

सील बदलणंही अवघड नाही. अँगल कॉक बंद करा, फ्लश करून टाकी रिकामी करा, मधला उभा व्हॉल्व्ह पाव फेरा फिरवून उचला. त्याच्या बुडाशी रबराची किंवा सिलिकॉनची चकती असते. जुनी चकती सोबत घेऊन जा, मापं कंपनीगणिक वेगळी असतात. आणि नवी बसवण्याआधी ती जिथे टेकते ती कडा पुसा, क्षार बसले असतील तर व्हिनेगरच्या फडक्याने घासा. ही पायरी गाळली की नवं सीलही पहिल्या दिवसापासून गळतं, आणि मग निष्कर्ष निघतो की ‘टाकीच खराब आहे, टाकी बदला’. टाकी म्हणजे चिनीमातीचं किंवा प्लास्टिकचं भांडं. तडा गेल्याशिवाय भांडं खराब होत नाही. झिजतं ते आतलं रबर, आणि टाकी बदला म्हणणाऱ्यांशी माझं कधी पटलं नाही ते यामुळेच. टाकीत क्लोरिनच्या गोळ्या टाकत असाल तर थांबवा, रबर त्यानेच लवकर कडक होतं. पाणी वाचावं म्हणून आत वीट ठेवणाऱ्यांनाही हात जोडून सांगणं आहे: वीट पाण्यात झडत जाते आणि तिची रेव नेमकी सीलखाली बसते. पाणी कमी हवं असेल तर फ्लोट (भरणारा व्हॉल्व्ह बंद करणारा तरंगता भाग) खाली करा.

भरणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये बहुतेकदा कचरा अडकलेला असतो. वरची टोपी काढा, त्यावर पेला उलटा धरा आणि कॉक क्षणभर उघडून कचरा बाहेर उडू द्या. तरीही पाणी थांबत नसेल तर आतला डायफ्राम (रबरी पडदा) बदला. पातळी ओव्हरफ्लो नळीच्या तोंडापासून इंचभर खाली राहील असा फ्लोट लावा.

नळांचं थोडक्यात: जुन्या स्पिंडलच्या (फिरवून आवळायच्या) नळाचा वायसर बदलूनही महिन्याभरात गळायला लागला तर आतली सीट, म्हणजे वायसर टेकतो ती कडा, खडबडीत झाली आहे, आवळून उपयोग नाही. आवळण्याने वायसर कापला जातो एवढंच. गरम पाण्याचा नळ मात्र आधी दुरुस्त करा. वीस लिटर पाणी 40 अंशांनी तापवायला जवळपास एक युनिट वीज लागते, म्हणजे तो थेंब दोन बिलांत मोजला जातो. गिझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी तापताना थोडं ठिबकणं स्वाभाविक आहे. सतत ठिबकत असेल तर व्हॉल्व्ह किंवा पाण्याचा दाब तपासून घ्या, पण त्याचं तोंड कधीही बंद करू नका.

आता सीपीव्हीसी. जीआय आतून गंजून अरुंद झालं असेल, सकाळी पहिलं पाणी तांबूस येत असेल आणि वरची मीटर चाचणीही लाइनकडेच बोट दाखवत असेल, तर बदला. लाइन फरशीखालून न नेता भिंतीवरून उघडी न्या. उन्हात येणाऱ्या भागाला रंग किंवा आवरण द्या, ऊन त्याला सोसत नाही. धातूशी जोड पितळी इन्सर्टच्या (आत पितळी आटे बसवलेल्या) फिटिंगनेच करा, आणि सॉल्व्हेंट (पाइप चिकटवायचं द्रावण) सीपीव्हीसीचंच वापरा, यूपीव्हीसी या दुसऱ्या प्लास्टिकचं नाही. डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण होईपर्यंत पाणी सोडू नका. पाइपचा व्यास किती घ्यायचा ते वरच्या टाकीची उंची आणि नळांची संख्या कळल्याशिवाय सांगता येणार नाही.

आणि हो, हे आधीच सांगायला हवं होतं: वर्षानुवर्षं न फिरवलेला अँगल कॉक फिरवला की त्याच्याच दांड्यातून पाणी झिरपायला लागू शकतं. ग्लँड नट (दांड्याभोवतीचा नट) एक-अष्टमांश फेरा आवळून बघा. तेवढ्याने थांबलं नाही तर जोर लावू नका. वरचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे आणि तो खरंच बंद होतो का, हे काम सुरू करण्याआधी बघून ठेवा.