'प्येर्निक'ला 'आल्याचा केक' म्हणावं का?

प्रश्न असा आहे: एका पोलिश पाककृतीचा मराठी अनुवाद करताना 'प्येर्निक' हा शब्द अडला. इंग्रजी कोशात त्याला 'जिंजरब्रेड' म्हटलंय. मग मराठीत 'आल्याचा केक' लिहिलं तर चालेल का?

माझ्या मते लिहू नये. प्येर्निकमध्ये सुंठ पडते खरी, पण दालचिनी, लवंग, वेलची, जायफळ यांच्या जोडीनं, आणि नावात तर ती नाहीच. नावात आहे मिरी. जुन्या पोलिशमध्ये 'प्येर्नी' म्हणजे मिरी घातलेलं, मसालेदार. त्यावरून प्येर्निक. चेक 'पेर्नीक' आणि रशियन 'प्र्यानिक' हेही त्याच मुळाचे.

आता गंमत बघा. मिरीला पोलिशमध्ये 'प्येप्श' म्हणतात. पोलिश, चेक, रशियन यांसारख्या स्लाव भाषांनी तो शब्द लॅटिन 'पिपेर'वरून घेतला, लॅटिननं ग्रीक 'पेपेरी'वरून, आणि ग्रीकांकडे तो गेला भारतातून. मूळ शब्द पिप्पली, म्हणजे आपली पिंपळी, खोकल्यावर मधातून चाटवतात ती. वाटेत अर्थ तेवढा सरकला आणि पिंपळीचं नाव काळ्या मिरीला चिकटलं.

मधाचं तसं नाही. पोलिश 'म्यूत', रशियन 'म्योद' आणि संस्कृत 'मधु' यांत कुणी कुणाकडून उसनं घेतलेलं नाही, ही एकाच घरातली भावंडं आहेत. रशियनमध्ये अस्वलाला 'मेद्वेद' म्हणतात, म्हणजे मध खाणारा. ऋग्वेदात झाडावरच्या पक्ष्यांना 'मध्वदः' म्हटलंय, तीच घडण.

पदार्थाचा जीवही मधातच आहे. जुन्या पद्धतीत मध, साखर आणि लोणी मसाल्यांसकट गरम करतात, निवल्यावर त्यात मैदा, अंडी आणि दुधात कालवलेला सोडा घालून मळतात. मग ते पीठ बरणीत, वर फडकं बांधून, थंड जागी चार ते सहा आठवडे मुरत ठेवतात. नाताळासाठीचं पीठ म्हणूनच नोव्हेंबरात भिजतं. भाजल्यावर थरांमध्ये आळूबुखाराचा घट्ट आटवलेला मुरंबा भरतात. हे सगळं 'आल्याचा केक' या दोन शब्दांत हरवून जातं. प्येर्निकसाठी सर्वांत नावाजलेलं गाव तोरुन्य, कोपर्निकसचं जन्मगाव. १८२५ साली पोलिश संगीतकार शोपँ तिथं गेला होता, आणि मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यानं तिथल्या जुन्या इमारतींपेक्षा प्येर्निकलाच जास्त मान दिला.

तेव्हा 'प्येर्निक' असंच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथं 'मध-मसाल्याचा केक' एवढी ओळख जोडा. पुढे 'म्योदोव्निक' आलं तर मात्र सरळ 'मधाचा केक' लिहा, कारण ते नाव मधावरूनच पडलंय. आणि एक जपा: पोलिशमध्ये 'म्यूत' म्हणजे मध, तसंच मधापासून आंबवलेलं मद्यही. आपल्याकडे 'मधुपान' शब्दात मधुचा हाच दुसरा अर्थ टिकून आहे. पाककृतीत 'म्यूत पित्नी' असेल तर तिथं ते मद्यच हवंय, मध नव्हे.