भा. रा. भागवतांचा दिवस वर्गात कसा साजरा करावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की, पुण्यातील शाळेत पाचवी-सहावीच्या वर्गासाठी, ‘फास्टर फेणे’ या सायकलवाल्या शाळकरी नायकाच्या गोष्टी लिहिणाऱ्या भा. रा. भागवतांच्या नावाने एखादा दिवस साजरा करायचा झाल्यास प्रतिमापूजन आणि पाठ केलेली भाषणे यांपलीकडे काय करता येईल. मी पुण्यातच बरीच वर्षे याच वर्गांना मराठी शिकवते आहे आणि हा खटाटोप तीन वेळा केला आहे. त्यातला पहिला साफ फसला, म्हणून आधी तोच सांगते.

त्या वर्षी आम्ही वेशभूषा स्पर्धा ठेवली. पालकांनी हौसेने चौकड्यांचे शर्ट शिवून घेतले, एकाने तर धाकट्या भावाची तीनचाकी आणली, आणि मुलांनी एकामागून एक व्यासपीठावर येऊन ‘मी फुरसुंगीचा फास्टर फेणे’ एवढे म्हणून नमस्कार केला. नंतर वर्गात चौकशी केली तेव्हा पुस्तक उघडलेली मुले तीनच निघाली. बाकीच्यांची सारी भिस्त २०१७ सालच्या चित्रपटावर होती आणि त्यातला फेणे तर शाळकरी पोरही नाही, चांगला तरुण गडी आहे. तेव्हापासून मी एकच नियम पाळते : पुस्तक आधी, समारंभ मागून.

दिवसाचीही एक अडचण आहे. भागवतांचा जन्म ३१ मे १९१० रोजी इंदूरला झाला, म्हणजे जयंती ऐन उन्हाळ्याच्या सुट्टीत येते. निधन २७ ऑक्टोबर २००१ चे. तो दिवसही पुष्कळदा दिवाळीच्या सुट्टीत बुडतो. त्यामुळे मी १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन धरते. त्या दिवशी शाळेला तसाही काहीतरी उपक्रम दाखवावाच लागतो.

तयारी मात्र दोन आठवडे आधी सुरू करावी, आणि तयारी म्हणजे दुसरे काही नाही, तासाची पहिली दहा मिनिटे मोठ्याने वाचन. भागवतांच्या गोष्टीत धावपळ इतकी असते की थांबण्यासाठी जागा शोधावी लागत नाही. बनेश ऊर्फ फास्टर फेणे अडचणीत सापडला की पुस्तक मिटायचे, आणि ‘पुढे काय होईल?’ याचे उत्तर वहीत दोन ओळींत लिहून घ्यायचे. फास्टर फेणेची एकूण वीस पुस्तके आहेत. एकाची चव लागली की बाकीच्यांसाठी ग्रंथालयात आपोआप रांग लागते.

माझ्या दृष्टीने सर्वांत रंगलेला तास ‘ट्टॉक’चा होता. फेणे जिभेने जो आवाज काढतो, तो आधी सगळ्यांनी काढून पाहायचा. चाळीस मुलांनी जीभ टाळूला चिकटवून एकदम ओढली तेव्हा शेजारच्या वर्गातील बाई दारात येऊन उभ्या राहिल्या, हे सोडून द्या. पुढचे काम असे की, पुस्तकातले अक्षर विसरून तो आवाज ज्याला जसा ऐकू आला तसा देवनागरीत लिहायचा. फळ्यावर ‘टक’, ‘टॉक्’, ‘ट्लॉक’, ‘च्टॉ’ असे अकरा नमुने जमले. मग एकेक मोठ्याने वाचून खऱ्या आवाजाशी ताडून पाहिला. नुसत्या ‘ट’ने सुरुवात केली तर आवाज पोचट वाटतो; ‘ट्ट’ असे जोडाक्षर शब्दाच्या सुरुवातीलाच घातले की उच्चारण्यापूर्वी जीभ क्षणभर अडते आणि मग सुटते, हे एका मुलीने स्वतःच हेरले. मराठी शब्दाची सुरुवात सहसा अशा द्वित्ताने होत नाही, म्हणून तो डोळ्यांनाही खटकतो आणि लक्षात राहतो. लेखकाने एका अक्षरासाठी किती विचार केला असेल, हे मला त्या तासात एकदाही सांगावे लागले नाही. गृहपाठ म्हणून कुकरची शिट्टी, पंख्याची कुरकुर आणि शाळेची घंटा यांचे आवाज लिहून आणायला सांगितले होते. कुकरच्या शिट्टीवर अजूनही एकमत झालेले नाही.

फुरसुंगीचाही उपयोग करून घ्यावा. आजच्या मुलांना हे नाव कचरा डेपोमुळे किंवा वाहतूक कोंडीमुळे ठाऊक असते, त्यामुळे ते एका नायकाचे गाव आहे, याची त्यांना गंमत वाटते. जिल्ह्याच्या नकाशावर गाव शोधून शाळेपासूनचे अंतर मोजायचे आणि सायकलने किती वेळ लागेल याचे गणित मांडायचे. याला जोडून घरच्या आजी-आजोबांना सायकलींच्या पुण्याविषयी तीन प्रश्न विचारून यायचे : सायकल स्वतःची होती की तासाच्या भाड्याची, पहिल्यांदा कुठे पडलात आणि डबलसीट जाताना पोलिसाने कधी पकडले का. तिसऱ्या प्रश्नाला आजोबा मंडळी विशेष खुलतात. एक मुलगा आजोबांच्या सायकलचा जुना डायनामो घेऊन आला. तो बोटाने गरगर फिरवल्यावर दिवा मिणमिणला, तेव्हा विज्ञानाच्या सरांनी तासातली वीस मिनिटे मागून घेतली आणि मी आनंदाने दिली.

वर्ग सहावीचा असेल तर आणखी एक उपक्रम सुचवते. भागवतांनी फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्नच्या कथा मराठी मुलांपर्यंत आणल्या. मुलांना एखादी छोटी परदेशी गोष्ट सांगून ती पुण्यात आणायला लावावी. नावे बदलणे सोपे असते. पण शेकोटीभोवती बर्फात बसलेली माणसे पुण्यात कुठे बसवायची आणि ती खाणार काय, इथे गाडी अडते आणि खरी चर्चा सुरू होते. आमच्याकडे त्यांची रवानगी डिसेंबरातल्या सिंहगडावर झाली आणि खायला पिठले-भाकरी आली.

शेवटच्या दिवशी हवे तर एखादा प्रसंग वाचिक अभिनयाने सादर करावा. नेपथ्याची गरज नाही, दोन बाके पुरतात. मात्र या पुस्तकांचा स्वामित्वहक्क अजून शाबूत आहे, कारण आपल्याकडे तो लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो. विद्यार्थी, शिक्षक आणि पालक यांच्यापुरता शाळेतला प्रयोग कायद्याला चालतो, पण त्याचे चित्रीकरण यूट्यूबवर टाकायचे असेल किंवा अख्ख्या पुस्तकाच्या झेरॉक्स वाटायच्या असतील तर आधी प्रकाशकाची परवानगी घ्यावी. झेरॉक्सच्या खर्चात दोन-तीन प्रती विकतच येतात.