अपग्रेड केलेल्यांचं ऐकावं, पण मशीन विचारून

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. लॅपटॉप सहा-सात वर्षांचा, आठव्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम, आत अजून हार्ड डिस्कच. काम पुस्तकांची पानं लावण्याचं, आणि सोबत एक जुना स्कॅनर. विंडोज १० वरून ११ वर जावं की नाही हे ठरवायला तुम्ही चार दिवस लोकांच्या प्रतिक्रिया वाचल्या आणि आता आणखीच गोंधळलात. एक म्हणतो मशीन नव्यासारखं पळतंय, दुसरा म्हणतो तिसऱ्या दिवशी परत दहावर आलो. खरं कोणाचं मानायचं?

बहुतेक वेळा दोघांचंही. एक्सपीच्या दिवसांपासून घरातली, नात्यातली आणि ऑफिसातली मशीन मी अपग्रेड करत आलोय. माणूस बोलतो सिस्टीमबद्दल, पण त्याचं मत बनलेलं असतं त्याच्या डिस्कवरून, त्याच्या ड्रायव्हरवरून (प्रिंटर, स्कॅनर वगैरे चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमवरून), हाताला लागलेल्या सवयीवरून, आणि अपग्रेड होऊन किती दिवस झालेत त्यावरून. एवढं कळल्याशिवाय कोणाच्या ‘मस्त’वर किंवा ‘बेकार’वर काही ठरवू नका.

आधी दिवसांचं बघू. मोठं अपग्रेड झालं की पडद्यामागे बरीच कामं सुरू होतात. सर्चची सूची नव्याने बनते, विंडोजचा अँटिव्हायरस डिफेंडर फाइली तपासतो, स्टोअरमधली ॲप्स एकामागून एक अपडेट होतात. एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, असेल तर हे जाणवतही नाही. हार्ड डिस्क असेल तर टास्क मॅनेजर उघडा, डिस्कच्या रकान्यात १०० टक्के दिसतील आणि तासन् तास तसेच राहतील. फोल्डर उघडायला क्लिक केलं की नुसतं गोल फिरत बसतं. अशा वेळी जो माणूस ‘सिस्टीम जड आहे’ असं लिहितो तो खोटं लिहीत नाही, पण त्याने पहिल्या संध्याकाळचं लिहिलेलं असतं. चार्जर लावून रात्रभर मशीन चालू ठेवायचं, झोपेत जाऊ द्यायचं नाही, मग सकाळी बघायचं. त्यानंतरही तसंच असेल तर ती तक्रार मी गंभीरपणे घेतो.

दुसरी गोष्ट फार कमी लोक सांगतात: अपग्रेड कसं केलं? आहे त्यावरच चढवलं, की फॉरमॅट मारून नवीन टाकली? तोच लॅपटॉप, तेच मॉडेल असूनही अनुभव वेगळा येतो, त्याचं कारण अनेकदा इथे असतं. फॉरमॅट मारून ११ टाकली की मशीन चालण्यासारखं असेल तर मेमरी इंटिग्रिटी नावाचं संरक्षण आपोआप चालू होतं. दहावरून वर चढवली तर बहुतेक वेळा जुनीच सेटिंग राहते. हे संरक्षण कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यात, शिरणारा प्रत्येक ड्रायव्हर तपासतं, त्याची थोडी किंमत वेगात मोजावी लागते, आणि गेम खेळणाऱ्याला ती लगेच कळते. डिस्कच्या एन्क्रिप्शनचंही, म्हणजे डिस्क किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी करण्याचंही, तसंच. नवीन टाकून मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग-इन केलं की ते बऱ्याच मशीनवर न विचारता सुरू होतं. म्हणजे दोघं एकाच नावाची सिस्टीम वापरत असतात, पण आतल्या खिट्ट्या वेगळ्या लागलेल्या असतात.

जुनं आठवतं म्हणून सांगतो. जानेवारी २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा आली तेव्हा लोक वैतागले होते. ड्रायव्हरची सगळी पद्धत बदलली होती, ग्राफिक्स कार्ड आणि प्रिंटर बनवणाऱ्यांचे ड्रायव्हर तयार नव्हते, रॅम अपुरी होती, आणि प्रत्येक गोष्टीला परवानगी विचारणारी खिडकी समोर यायची. ऑक्टोबर २००९ मध्ये विंडोज ७ आली आणि तिचं मनापासून स्वागत झालं. ती चांगली होतीच. पण ती चालली ती व्हिस्टाच्याच पायावर. मधल्या पावणेतीन वर्षांत ड्रायव्हर पिकले होते आणि मशीनमध्ये रॅम वाढली होती. सातचं कौतुक करणाऱ्यांपैकी बरेच जण खरं तर आपल्या सुधारलेल्या हार्डवेअरचंही कौतुक करत होते.

दहावरून अकरावर जाताना तसा धक्का नाही. अकरा आतून स्वतःला अजूनही १०.० च म्हणवते, फक्त बिल्ड, म्हणजे आतला क्रमांक, २२००० पासून पुढचा. म्हणून ६४ बिटच्या दहावर चालणारे बहुतेक ड्रायव्हर तिच्यावर चालतात. अडतं ते ३२ बिटच्या दहावर बसलेल्यांचं. अकरा फक्त ६४ बिटमध्ये येते, त्यामुळे त्यांना वरच्यावर चढवता येत नाही, फॉरमॅटच मारावं लागतं, आणि त्यांचे ३२ बिटचे जुने ड्रायव्हर तिथेच संपतात. तुमच्या स्कॅनरकडे मी याच कारणाने पुन्हा येणार आहे.

आता सवयीचं, कारण यावर लोकांना फार पटकन गप्प बसवलं जातं. माझी ताई हिशेबाचं काम करते. तिच्या पडद्यावर एका वेळी एक्सेलच्या सात-आठ वह्या उघड्या असतात आणि खाली टास्कबारवर प्रत्येकीचं नाव लिहिलेलं दिसतं. वर्षानुवर्षं ती वाचतही नव्हती, हात आपोआप तिसऱ्या नावावर जायचा. २०२२ मध्ये मी तिचं मशीन अपग्रेड करून दिलं आणि शेजारी बसून पाहिलं. सगळ्या वह्या एका हिरव्या चौकोनात गेल्या होत्या. माउस त्यावर नेला की छोटी चित्रं उघडायची, सगळी सारखीच दिसणारी, कारण आकड्यांचे तक्ते लांबून सारखेच दिसतात. ती एक उघडायची, चुकीची निघायची, परत खाली यायची. दहा मिनिटांनी तिने माउस सोडला आणि शांतपणे म्हणाली, “अरे, मला माझंच काम येईनासं झालंय.” तिला मी ‘सवय होईल’ म्हणालो नाही, कारण तो हात तिने पंधरा वर्षं कमावला होता. त्या महिन्याचे हिशेब संपेपर्यंत तिचं मशीन मी परत दहावर नेलं.

टास्कबारवर नावं वेगळी ठेवायची सोय अकरामध्ये २०२३ मध्ये परत आली. टास्कबारवर फाइल ओढून नेऊन ॲपवर सोडण्याची सोयही सुरुवातीला नव्हती, ती २०२२ मध्ये आली. त्याआधी विंडोज ८ मध्ये स्टार्ट बटण गेलं होतं, ते वर्षभरात ८.१ मध्ये परत दिसलं. लोकांनी आरडाओरडा केला नसता तर यातलं काही झालं असतं असं मला वाटत नाही. सवयीची तक्रार ही कामाची तक्रार असते, आणि ती नोंदवलीच पाहिजे. फक्त तुम्ही वाचताना एक तपासा: ही तक्रार कोणत्या आवृत्तीची आहे? २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये लिहिलेलं गाऱ्हाणं आजच्या अकराला लागू असेलच असं नाही. राइट क्लिकच्या बदललेल्या मेनूला अजूनही नावं ठेवली जातात. शिफ्ट धरून राइट क्लिक केलं की जुना पूर्ण मेनू उघडतो, एवढं त्यावर पुरे.

मतं मोजून निर्णय घेऊ नका असं मी म्हणतो, त्याचं सगळ्यात मोठं कारण ऑक्टोबर २०१८ मध्ये घडलं. विंडोज १० चं १८०९ हे अपडेट आलं आणि काही लोकांच्या डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा फोल्डरमधल्या फाइली नाहीशा झाल्या. ज्यांनी ही फोल्डरं दुसऱ्या ड्राइव्हवर वळवली होती पण जुन्या जागी काही फाइली राहिल्या होत्या, त्यांच्या त्या राहिलेल्या फाइली अपडेटने रिकामं फोल्डर समजून पुसल्या. काही दिवसांतच अपडेट थांबवावं लागलं आणि दुरुस्त होऊन ते नोव्हेंबरमध्ये परत आलं. मला त्यात अस्वस्थ करणारी गोष्ट ही की चाचणी करणाऱ्यांपैकी काहींनी ही तक्रार आधीच नोंदवली होती. तिला मतं कमी पडली म्हणून ती ढिगाखाली राहिली. नंतर तक्रार नोंदवतानाच ती किती गंभीर आहे हे सांगायची सोय करण्यात आली. म्हणून ‘आयकॉन गोल झाले’ असं म्हणणारे शंभर जण मी झरझर वाचतो, आणि ‘माझ्या फाइली दिसत नाहीत’ म्हणणारा एकच असला तरी त्याच्यापाशी थांबतो.

माझी स्वतःची एक चूक सांगतो, ती तुमच्या हातून होऊ नये. अकराला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) लागतं म्हणून मी माझ्या डेस्कटॉपच्या बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, शिरलो, सेटिंग बदलली, सेव्ह केलं. मशीन चालू झालं ते निळ्या पडद्यावर: बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क एन्क्रिप्ट करणाऱ्या सोयीची) रिकव्हरी की द्या. अठ्ठेचाळीस अंक, सहा-सहाचे आठ गट. ती की मी जपून ठेवली होती, पण त्याच डिस्कवरच्या एका टेक्स्ट फाइलमध्ये. पाऊण तास मी ड्रॉवरमधले कागद उलथेपालथे केले. शेवटी फोनवरून मायक्रोसॉफ्ट खात्यात लॉग-इन केलं आणि तिथे ती सापडली. अंक फोनवर वाचून कीबोर्डवर मारताना माझा हात थरथरत होता, कारण आत दोन वर्षांचं काम होतं. बायोसला हात लावण्याआधी कंट्रोल पॅनेलमधून बिटलॉकर तात्पुरतं सस्पेंड करायला एक मिनिट लागतं. तुमच्या लॅपटॉपवर डिस्क एन्क्रिप्ट असेल तर की कागदावर लिहून घ्या आणि तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका.

आता तुमच्या मशीनचं. आठवी पिढी ही इंटेलच्या बाबतीत अकराच्या अटींची जवळजवळ सीमारेषाच आहे, पण तुम्ही आत आहात. रन उघडून टीपीएम.एमएससी (tpm.msc) टाका, तिथे स्पेसिफिकेशन व्हर्जन २.० दिसायला हवं. सिस्टीम इन्फर्मेशनमध्ये बायोस मोडसमोर यूईएफआय (मशीन सुरू करण्याची नवी पद्धत) आहे का ते पाहा. लेगसी, म्हणजे जुनी पद्धत, असेल तर आधी डिस्क जीपीटी या नव्या मांडणीत बदलावी लागेल. त्यासाठी एमबीआर२जीपीटी हे साधन दहामध्येच आहे आणि ते फाइली पुसत नाही. तरीही बॅकअपशिवाय ते चालवू नका.

८ जीबी रॅम पानं लावायला काठावरची आहे, पण ती दहावरही काठावरचीच आहे. तुमची खरी अडचण हार्ड डिस्क आहे. आज तुम्ही अकरा टाकलीत तर आठवड्याने तुमचीही प्रतिक्रिया ‘जड आहे’ अशीच असेल, आणि तुम्हाला कधी कळणार नाही की दोष कोणाचा होता. म्हणून आधी एसएसडी बसवा, आहे ती विंडोज १० तिच्यावर जशीच्या तशी क्लोन करा, आणि दोन आठवडे नेहमीचं काम करा. मग अपग्रेड. एका वेळी एकच बदल केला की काही बिघडलं तर बोट कुठे ठेवायचं ते कळतं. जुनी हार्ड डिस्क पुसू नका, ती काढून तशीच कपाटात ठेवा. तोच तुमचा सगळ्यात सोपा बॅकअप.

अपग्रेडनंतर दहा दिवस परत जाता येतं, सेटिंग्जमधल्या रिकव्हरीतून. विंडोजमधल्याच डीआयएसएम या साधनाच्या कमांडने ही मुदत साठ दिवसांपर्यंत वाढवता येते, पण ती कमांड दहा दिवस संपायच्या आत चालवायला हवी. आणि जागा कमी पडते म्हणून डिस्क क्लीनअपमधून ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’ उडवू नका, परतीचा रस्ता त्यातच असतो. पुस्तक छपाईला जायच्या आठवड्यात यातलं काहीच करू नका.

घाई आहे का? विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती मशीनसाठी वाढीव सुरक्षा अपडेट्सची नोंदणी करता येते, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत चालते. ती करून ठेवा, म्हणजे एसएसडी आणि बाकी तयारी निवांत होईल. अकराच्या अटींत न बसणाऱ्या मशीनवर तपासणी चुकवून अकरा टाकण्याच्या युक्त्या तुम्ही वाचल्या असतील. तुम्हाला त्यांची गरज नाही, आणि ज्याची भाकरी त्या मशीनवर आहे त्याला मी त्या सुचवतही नाही. तशा मशीनला पुढे अपडेट मिळण्याची हमी नसते. अकराच्या २४एच२ या आवृत्तीपासून तर फार जुने प्रोसेसर सुरूच होत नाहीत, कारण तिला प्रोसेसरमध्ये लागणाऱ्या सूचना (इन्स्ट्रक्शन) त्यांच्यात नाहीत.

राहिला स्कॅनर, आणि माझ्या मते तुमचा निर्णय त्याच्यावरच अडणार आहे. तुमची विंडोज १० ३२ बिटची आहे की ६४, हे सेटिंग्जमध्ये सिस्टीमखाली अबाउटमध्ये दिसेल. ६४ असेल तर स्कॅनर बहुधा चालेल. तरी विंडोज सिक्युरिटीमध्ये कोअर आयसोलेशन उघडून मेमरी इंटिग्रिटी चालू करून पाहा. एखादा ड्रायव्हर तिला चालणारा नसेल तर ती तिथेच त्याचं नाव दाखवेल. त्या यादीत स्कॅनरचं नाव आलं, तर डिव्हाइस मॅनेजरमधून त्याच्या ड्रायव्हरची तारीख आणि आवृत्ती मला लिहून पाठवा, आणि तोवर अपग्रेडचं बटण दाबू नका.