नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात पक्षी रंगवायचेत?

हिवाळ्यात सकाळी लवकर जा आणि ऊन पाठीशी घेऊन बसा, नाहीतर पक्षी नुसते काळे दिसतात. सुरुवातीला रंग घरीच ठेवा. २बी पेन्सिलने मान-पाठीचा कल टिपा, तेवढं पुरे. बगळ्याच्या पायात नवखे हमखास फसतात. मागे वाकणारा सांधा गुडघा नव्हे, घोटा. खरा गुडघा वर पिसांत लपलेला असतो. जलरंगाला ३०० जीएसएमचा (एका चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) जाड कागद घ्या, पातळ कागद पाण्याने फुगतो. चित्रबलाक या करकोच्याचा पांढरा म्हणजे कोरा कागदच. शेपटीजवळचा गुलाबी सगळ्यात शेवटी, खालची निळसर करडी सावली पूर्ण सुकल्यावर; ओल्यात लावलात तर पसरलाच म्हणून समजा. (थंडीत सुकायला वेळ लागतो.) थव्याने माना वर केल्या की तो बिचकलाय, पुढे सरकू नका. आणि घरट्याची नेमकी जागा चित्राखाली कधीही लिहू नका.