'अनलोड'ला 'विस्थापित' म्हणू नका

प्रश्न असा आला आहे: पॉवरशेलच्या (कमांड टाइप करून काम करून घ्यायचं मायक्रोसॉफ्टचं साधन) चालू प्रोसेसमध्ये, म्हणजे मेमरीत चालू असलेल्या प्रोग्राममध्ये, एखाद्या अ‍ॅप्लिकेशनची लायब्ररी लोड झाली आहे, ती 'अनलोड' करायची, तर मराठीत काय म्हणावं? 'विस्थापित करणे' चालेल का? आणि लायब्ररीला 'ग्रंथालय' म्हणावं का?

लायब्ररी म्हणजे प्रोग्रामना वापरायला तयार ठेवलेला कोड; ग्रंथालय नको, लायब्ररीच म्हणा. 'विस्थापित' तर मुळीच चालणार नाही. हा शब्द मी इतक्या ठिकाणी वाचतो की आता चीड येते. धरणाच्या पाण्याखाली गाव गेलं की माणसं विस्थापित होतात. त्या शब्दात घर सुटल्याचं दुःख आहे. कुणीतरी तो 'अनइन्स्टॉल'साठी उचलला, आणि आता 'अनलोड'लाही तोच चिकटवतात. या दोन क्रियाच वेगळ्या आहेत. अनइन्स्टॉल केलं की फाइल डिस्कवरून जाते. अनलोड केलं की फाइल डिस्कवर जिथल्या तिथे राहते, फक्त प्रोसेसच्या मेमरीतून बाहेर पडते. एकच शब्द वापरला तर वाचणारा फाइलच पुसून टाकायचा!

शब्द आपल्याकडे तयार आहे: उतरवणे. लोड करणे म्हणजे चढवणे, अनलोड करणे म्हणजे उतरवणे. ओझं, ताप, नशा हे अर्थ सगळ्यांना ठाऊक आहेत, ते सोडतो. खरी गंमत मुळात आहे. 'उतरणे'च्या सुरुवातीला संस्कृतचा 'उद्' हा उपसर्ग आहे, आणि 'उद्' म्हणजे वर. मग 'उतरणे' खाली कसं आलं? धातू आहे 'तॄ', म्हणजे पाणी ओलांडणे. तीर्थ, तारू, तरणे ही सगळी त्याचीच प्रजा. 'उत्तरति' म्हणजे पाण्यातून वर, काठावर येतो. नावेतून काठावर पाय ठेवणं म्हणजे उतरणं, आणि तिथून पुढे कशावरूनही खाली येणं. नदी जिथे पायी ओलांडता येते त्या जागेला आपण अजून 'उतार' म्हणतो, आणि प्रवाशाला 'उतारू'. (दिशेचं 'उत्तर' यात ओढू नये, ते 'उद्'ला तुलनेचा 'तर' लागून झालेलं आहे.)

काही जाणकार 'उतरणे' हे 'अवतरणे'वरून आलं असं ठामपणे सांगतात, कारण 'अव' म्हणजे खाली. अर्थ जुळतो, पण ध्वनी जुळत नाही. प्राकृतात दोन स्वरांमधला एकटा 'त' गळतो: माताची माय झाली, अवतरतिचं 'ओअरइ' झालं. जोडाक्षरातला 'त' मात्र टिकतो: सप्तचं सात, भक्तचं भात. 'उतरणे'त 'त' शाबूत आहे, म्हणजे तो 'उत्तरति'च्या प्राकृत रूपातला, 'उत्तरइ'मधलाच. अर्थावर भाळून ध्वनिनियम धाब्यावर बसवणं याला व्युत्पत्ती म्हणत नाहीत.

दुसरा आक्षेप असा की 'उतरवून घेणे' डाउनलोडसाठी वापरतात, मग घोटाळा होईल. होणार नाही. तिथे 'घेणे' आहे, आपल्याकडे आणायचं आहे. इथे 'प्रोसेसमधून उतरवणे' आहे. पंचमीचा प्रत्यय काम चोख करतो.

आणि या कामाला 'उतरवणे' का शोभतं ते पाहा. मी पॉवरशेलमध्ये एक मॉड्यूल (जादा कमांडचा संच) आणलं, मग 'रिमूव्ह-मॉड्यूल' दिलं. त्याच्या कमांड गेल्या. पण त्याची डीएलएल फाइल (विंडोजवरची लायब्ररी) बदलायला गेलो तर नकार: फाइल वापरात आहे. पॉवरशेलची खिडकी बंद केली तेव्हाच ती सुटली. नाव यादीतून खोडलं होतं, उतारू नावेतच होता. जुन्या डॉटनेट फ्रेमवर्कमध्ये (जुनं पॉवरशेल ज्यावर चालतं ती मायक्रोसॉफ्टची व्यवस्था) एकटी असेंब्ली, म्हणजे डॉटनेटची लायब्ररी, उतरवताच येत नाही, आख्खं अ‍ॅप डोमेन, म्हणजे प्रोसेसमधला तो कप्पा, रिकामं करावं लागतं. 2019 मध्ये आलेल्या डॉटनेट कोर 3.0 पासून उतरवता येण्याजोगा लोड कॉन्टेक्स्ट, म्हणजे असेंब्ली चढवायचा वेगळा कप्पा, मुद्दाम बनवता येतो. पण तिथेही 'अनलोड' म्हटल्यावर काम फक्त सुरू होतं आणि आतल्या गोष्टींना धरून बसलेला शेवटचा संदर्भ सुटला तरच पुरं होतं. लिनक्सवर 'डीएलक्लोज' ही लायब्ररी सोडायची आज्ञा आधी ती लायब्ररी किती वेळा उघडली आहे याची मोजणी एकने कमी करते. ती शून्यावर आली नाही तर लायब्ररी जागची हलत नाही, आणि 'मसल' या लिनक्सवरच्या सी-लायब्ररीत तर 'डीएलक्लोज' दिलं तरी ती कधीच हलत नाही. सी-पायथनमध्ये (पायथन भाषेची नेहमीची आवृत्ती) 'सिस.मॉड्यूल्स' या चढवलेल्या मॉड्यूलच्या यादीतून नाव काढा, सीमध्ये लिहिलेलं एक्स्टेन्शन मेमरीतच राहतं.

इंग्रजीत सांगणं आणि होणं या दोन्हींना एकच 'अनलोड'. मराठीत उतरवणे वेगळं, उतरणे वेगळं. 'मी लायब्ररी उतरवायला सांगितली, पण ती उतरली नाही' या एका वाक्यात वर सांगितलेला सगळा घोळ मावतो. 'विस्थापित करणे'ने हे वाक्य करून पाहा.

तेव्हा तुमच्या मार्गदर्शिकेत असं लिहा: 'ही लायब्ररी चालू प्रोसेसमधून उतरत नाही, उतरवायची असेल तर प्रोसेस बंद करा.' नाम हवं असेल तर 'उतरवणे' हेच नाम म्हणून चालवा; 'उतरण' घेऊ नका, त्याला उताराचा अर्थ आहे.