हमीपत्र फाडा, सिलॅबस मागवा

प्रश्न : मुलीने नुकतीच बारावी दिली. अमेरिकेतल्या तीन विद्यापीठांतून तिला प्रवेश आला आहे, दोन सरकारी आणि एक खासगी. तिला राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र घ्यायचं आहे. तिकडचे कॅम्पस एकाच विचाराचे झालेत असं सगळीकडे वाचतो. म्हणून मी तिन्ही ठिकाणच्या प्राध्यापकांचे राजकीय कल शोधून एक तक्ता केला आणि अभिव्यक्ती स्वातंत्र्याची क्रमवारीही त्यात घातली. तिच्याकडून लिहून घेतलं आहे की चार वर्षं ती राजकारणावर वर्गात किंवा बाहेर चकार शब्द काढणार नाही. सोशल मीडियावरची तिची खातीही डिलीट करवली. आता सांगा, यातलं सगळ्यात सुरक्षित विद्यापीठ कोणतं?

उत्तर : तक्त्याकडे नंतर वळू. आधी त्या हमीपत्राबद्दल बोलायला हवं, कारण सगळ्या पत्रात मला धास्ती वाटली ती त्याचीच.

मुलगी राज्यशास्त्र शिकायला निघाली आहे आणि तुम्ही तिच्याकडून राजकारणावर न बोलण्याची लेखी हमी घेतलीत. पोहायला पाठवायचं आणि पाण्यात उतरायचं नाही अशी शपथ घालायची, तसंच हे. पण विसंगतीपेक्षा मला नुकसानीची चिंता आहे, आणि ते नुकसान सरळ मार्कांचं आहे. तिकडच्या सेमिनारमध्ये पंधरा-वीस मुलं टेबलाभोवती बसतात. वर्गातल्या चर्चेतल्या सहभागाला एकूण ग्रेडमध्ये ठरावीक वाटा असतो, बऱ्याच ठिकाणी दहा ते वीस टक्के, आणि तो सिलॅबसच्या पहिल्या पानावर छापलेला असतो. गप्प बसणाऱ्या मुलीची परीक्षा कितीही चांगली गेली तरी हा वाटा हातचा जातो. पुढे मास्टर्स किंवा पीएच.डी.ला अर्ज करताना साधारण तीन शिफारसपत्रं लागतात. चार वर्षांत जिचं एकही मत ऐकलं नाही, तिच्याबद्दल प्राध्यापक काय लिहिणार? ‘नियमित उपस्थित असे’? असं पत्र निवड समिती बाजूला ठेवते.

आणि वयाने सज्ञान झालेल्या मुलीकडून हमीपत्र लिहून घेणं, हे मला पालकत्वापेक्षा दरडावणं जास्त वाटतं. ते फाडा. फाडलंत हे तिला दिसूही द्या.

तुमची भीती अगदीच हवेतली आहे असं मात्र म्हणणार नाही. २०२५ च्या वसंतात आंदोलनांत भाग घेतल्यावरून किंवा लेख लिहिल्यावरून काही परदेशी विद्यार्थ्यांचे व्हिसा रद्द झाले, काहींना ताब्यातही घेतलं गेलं. पुढे ३० सप्टेंबर २०२५ रोजी बॉस्टनच्या संघीय न्यायालयाने अशा कारवाईला घटनाविरोधी ठरवलं. पण न्यायालयाचा निकाल हाती येईपर्यंत विद्यार्थ्याचं सेमिस्टर गेलेलं असतं. म्हणून सीमा नीट आखा. वर्गातली चर्चा, निबंध, वादविवाद मंडळ, वेगवेगळ्या मतांच्या वक्त्यांची व्याख्यानं हा शिक्षणाचा भाग आहे, तिथे तिने मोकळेपणाने बोलावं. इमारत अडवणं, पोलिसांनी पांगायला सांगितल्यावरही थांबणं, अटक होईल अशा ठिकाणी असणं, यात एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या विद्यार्थ्याला अमेरिकन मित्रापेक्षा कितीतरी मोठी किंमत मोजावी लागते. ही गोष्ट तिला समजावून सांगा, लिहून घेऊ नका.

खाती डिलीट करवलीत ही दुसरी चूक, आणि ती तातडीने निस्तरायला हवी. डीएस-१६० या व्हिसाच्या ऑनलाइन अर्जात गेल्या पाच वर्षांत वापरलेल्या सोशल मीडिया खात्यांची नावं विचारतात, आता बंद असलेलीसुद्धा. जून २०२५ पासून विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना प्रोफाइल सार्वजनिक ठेवायला सांगितलं जातं. मुलाखतीच्या तोंडावर पुसलेलं खातं संशय कमी करत नाही, वाढवतं. फॉर्ममध्ये त्या खात्यांची नावं प्रामाणिकपणे लिहा. परत मिळवायची मुदत उलटली नसेल तर खाती परत सुरू करा. माहिती दडवल्याचा ठपका बसला तर एक व्हिसा जाण्यावर भागत नाही, पुढच्या अर्जांनाही तो चिकटतो. बाकी आय-२० (व्हिसासाठी विद्यापीठ देतं ते प्रवेशाचं प्रमाणपत्र), परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची ३५० डॉलर सेव्हिस फी, मुलाखतीची तारीख हे ठरलेल्या क्रमाने होतं, त्यावर शब्द खर्च करत नाही.

आता तुमचा तक्ता. त्यातला मुख्य आकडा बहुधा २०१६ च्या एका अभ्यासातला आहे. चाळीस नामवंत विद्यापीठांतले पाच विषयांचे ७,२४३ प्राध्यापक त्यात मतदार नोंदणीवरून तपासले होते. डेमोक्रॅटिक नोंद असलेले ३,६२३ निघाले आणि रिपब्लिकन ३१४, म्हणजे एका रिपब्लिकनमागे साडेअकरा डेमोक्रॅट. आकडा खरा आहे आणि कल एकीकडे आहे हे नाकारण्यात अर्थ नाही. पण बेरीज करून बघा. दोन्ही मिळून ३,९३७ होतात. उरलेले तीन हजार तीनशेच्या आसपास प्राध्यापक या गुणोत्तरात नाहीतच. शिवाय विषयागणिक चित्र पालटतं : इतिहासात साडेतेहतीसास एक, अर्थशास्त्रात साडेचारास एक. तुमच्या मुलीच्या दोन विषयांपैकी अर्थशास्त्र हा त्या पाचांतला सगळ्यात कमी झुकलेला विषय आहे, आणि राज्यशास्त्र त्या पाहणीत नव्हतंच. तुम्ही मात्र एकच सरासरी तिन्ही विद्यापीठांना लावलीत.

याहून मोठा गैरसमज असा की प्राध्यापक ज्या पक्षाचा, त्याच पक्षाची मुलं तो घडवतो. हे तपासलं गेलेलं आहे. मारियानी आणि ह्युइट या संशोधकांनी २००८ मध्ये प्राध्यापकांचा कल आणि पदवीच्या काळात विद्यार्थ्यांच्या मतांत झालेला बदल यांची सांगड घालून पाहिली, आणि त्यांना संबंध आढळला नाही. मुलं बदलतात, पण त्यात वय, मित्र, वसतिगृह, मुळात कोण कोणत्या कॉलेजात जातं, या गोष्टींचा हात असतो. मुलं वर्गात मन का मोकळं करत नाहीत याची सर्वेक्षणं पाहिली, तर प्राध्यापकाच्या रागापेक्षा शेजारच्या बाकावरच्या मुलांच्या टोमण्यांची धास्ती जास्त दिसते. म्हणजे तुमचा तक्ता मोजतोय भलत्याच माणसांना. वैचारिक विविधता शोधायची तर प्राध्यापकाच्या मतदार यादीतल्या नोंदीत नव्हे, वाचनयादीत शोधा.

कशी, ते सांगतो. तिन्ही ठिकाणच्या अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र विभागांना ईमेल करून पहिल्या दोन वर्षांच्या कोर्सचे गेल्या सत्राचे सिलॅबस मागा. बहुतेक विभाग पाठवतात, काहींचे वेबसाइटवरच असतात. ईमेल मुलीने लिहायची, तुम्ही नाही. वडिलांच्या पत्त्यावरून आलेल्या अशा ईमेलला उत्तर येईलच असं नाही. मग एखादा पेटता प्रश्न निवडा. किमान वेतन घ्या : वेतन वाढवलं तरी नोकऱ्या गेल्या नाहीत असं दाखवणारा कार्ड आणि क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांचा न्यू जर्सी राज्याचा १९९४ चा अभ्यास वाचनात आहे का? असेल तर त्याच राज्याची आकडेवारी वेगळ्या पद्धतीने तपासून उलट निष्कर्ष काढणारा न्यूमार्क आणि वॉशर यांचा लेखही आहे का? दोन्ही असले तर तो शिक्षक कोणाला मत देतो याने काही अडत नाही. एकच असला, मग तो तुमच्या आवडीचा असो वा नावडीचा, तर तो कोर्स एकांगी. दुसरी बाजू तिच्या विरोधकाच्या सारांशातून शिकवली आहे की तिच्याच समर्थकाच्या मूळ लेखनातून, हेही पाहा. तिथे बरेच कोर्स उघडे पडतात.

क्रमवारीबद्दल थोडं. अशा याद्यांत विद्यार्थ्यांचं सर्वेक्षण, लेखी नियम आणि वर्षभरातल्या घटना एकत्र मिसळलेल्या असतात. एक व्याख्यान उधळलं गेलं की विद्यापीठ खाली घसरतं, आणि त्या विभागाच्या वर्गांत मात्र काहीच बदललेलं नसतं. नियम तेवढे स्वतः वाचा. अमेरिकन घटनेची पहिली दुरुस्ती, म्हणजे अभिव्यक्ती स्वातंत्र्याची हमी, सरकारी विद्यापीठांना बांधते. विद्यार्थी शुल्क वेगवेगळ्या मतांच्या संघटनांना वाटताना मत पाहून डावं-उजवं करायचं नाही, हेही २००० सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर त्यांना पाळावं लागतं. खासगी विद्यापीठावर हे बंधन आपोआप येत नाही, तिथे त्यांच्या स्वतःच्या नियमपुस्तिकेतलं आश्वासन महत्त्वाचं. शिकागो विद्यापीठाने २०१५ मध्ये मांडलेल्या अभिव्यक्ती स्वातंत्र्याच्या तत्त्वांसारखा ठराव त्यांनी स्वीकारला आहे का ते पाहा. आणि विद्यापीठ राजकीय प्रश्नांवर संस्था म्हणून गप्प राहतं, हे वाचून खट्टू होऊ नका. संस्था गप्प राहते ती आतल्या लोकांना बोलता यावं म्हणून.

जाता जाता एक गोष्ट, जी तुमच्या तक्त्यात कुठेच नाही आणि तिच्या नोकरीवर सगळ्यात जास्त परिणाम करणारी आहे. आय-२० वर कोर्सचा सीआयपी कोड, म्हणजे अभ्यासविषयाचा सरकारी क्रमांक, छापलेला असतो. ४५.०६०३, म्हणजे संख्यात्मक अर्थशास्त्र, हा अमेरिकन सरकारच्या स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत आहे. सध्याच्या नियमांनुसार पदवीनंतर १२ महिने काम करता येतं, आणि स्टेम कोडवर आणखी २४. साधं राज्यशास्त्र त्या यादीत नाही. काही विद्यापीठांत अर्थशास्त्राच्या पदवीचाच कोड हा असतो, काहींत नसतो. मी तिच्या जागी असतो तर संख्यात्मक अर्थशास्त्र मुख्य ठेवून राज्यशास्त्र जोडीला घेतलं असतं. तिन्ही विभागांना सिलॅबसबरोबर हा कोडही विचारा. होकार कळवायची नेहमीची तारीख १ मे असते, तेव्हा ईमेल याच आठवड्यात जाऊ द्या, आणि कोणता सिलॅबस जास्त चांगला हे मुलीला ठरवू द्या.